ड्रायरची मोटर आणि मामा

१४ जुलै, सोम.
झड सुरूच. त्यात आज ड्रायर बसला. मशीनची धुण्याची बाजू ठीक. पिळायचा टब नुसता हूं करतो, फिरत नाही. चादरी, धोतरं घरभर टिपकतायत. शाळेला उशीर झाला, मुख्याध्यापिका बोलल्या.
मामांनी पुन्हा अंथरूण ओलं केलं होतं. सुनेनं ते धुवावं हे त्यांना सोसत नाही. भिंतीकडं तोंड करून पडतात. लकवा मारल्यापासून बोलणंच जवळजवळ सोडलंय. सगळ्या कळंबच्या विहिरींवरच्या जळक्या मोटरींत नवी तार भरून वायंडिंग केलं या माणसानं.

१५ मंगळ.
मेकॅनिक म्हणाला, "ताई, लई कामं हायत, शनिवारी बघतो."
ह्यांना पुण्याला फोन. "दिवाळीला नवीन मशीन घेऊ." बरं. तोवर चादरी कुठं वाळवू? विचारलं नाही.

१६ बुध.
मशीनचं मागचं झाकण मीच काढलं. टब हातानं तर छान फिरतो. बटण दाबलं. हूं... तेवढ्यात आतून मामा ओरडले, "बंद कर! जळंल ती!"
पळत गेले. इतका स्पष्ट आवाज, किती दिवसांनी!
"आधी प्लग काढ." मग दम खाऊन, "मोटरीला सुरुवातीचा धक्का देतो तो कंडेन्सर गेला असंल."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. का, माहीत नाही.

१८ शुक्र.
जुना दाखवून तसलाच कंडेन्सर आणला. मामांना खुर्चीत बसवून मशीनपाशी आणलं. ते डाव्या हातानं दाखवत गेले, मी तारा जोडल्या. बटण. हूं. तसंच.
"डोस्कं गेलं माझं," मामा म्हणाले. जेवले नाहीत. उगीच आणलं त्यांना...

१९ शनि.
मेकॅनिक आला. "आत पाणी गेलंय ताई. वायंडिंग जळलं. मोटरच बदला." "मागवा," मी म्हणाले. जुनी काढून ठेवून गेला.
मामा तिच्याकडं बघत बसलेले. "उघड ती. आपणच नवी तार भरू."
"मामा, तुमचा हात..."
"तुझे हायत की दोन."

२० रवि.
उघडली. आत तारा काळ्याठिक्कर, जळका वास. मामा वेढे मोजतात, चुकतात, पुन्हा पहिल्यापासून. मी मधे बोलले तर खेकसले. मीही उलट बोलले. कंबर, मान, सगळं दुखतंय. थोड्या वेळानं मामा खाली मान घालून म्हणाले, "चादरीचं... लई हाल केले तुझे." या विषयावर पहिल्यांदाच बोलले. मला 'नाही' म्हणवेना. खोटं झालं असतं. नुसती शेजारी बसले.

२३ बुध.
निम्मी जळकी तार निघाली. मामांनी जेवणही स्वतःहून मागितलं.
दुपारी मेकॅनिकचा फोन. "नवी मोटर आलीय. आज बसवून टाकू?"
घरात कोरडी चादर एक नाही. मामा ओठ आवळून डाव्या हातानं तार ओढत होते, फोनकडं लक्ष नव्हतं. की होतं?
"ताई? येऊ का?"
"थांबा जरा," मी म्हणाले. फोन कानाशी तसाच ठेवून मोकळ्या हातानं तारेचं दुसरं टोक धरलं.