वैशालीच्या प्रबंधातले ते पान

सुरत, शनिवार, १३ एप्रिल १९९६

माझी बायको सुनंदा आज कॉलेजात शिकवून हसतच आली. तिची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी वैशाली, तिची तोंडी परीक्षा होती. प्रयोगशाळेत छान उतरलेला निळा रंग सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कापड रंगवायच्या कारखान्यात फिका पडला, आणि पोरीने तेही प्रबंधात लिहिले. ‘ते पान काढा, नाहीतर ती नापास होईल,’ असे विभागप्रमुख म्हणाले होते. काल मीही तेच म्हणालो. का म्हणालो? वर्तमानपत्रातली सवय, छपाईची वेळ जवळ आली की अडचणीचा मजकूर आधी कापायचा.

सुनंदाने पान राहू दिले. उलट त्या कारखान्यातल्या, जेमतेम सातवी शिकलेल्या डाइंग मास्टर रमणभाईंना प्रश्न विचारायला बोलावले. त्यांनी फक्त पाणी कोणते वापरले तेवढेच विचारले, "बेन, पाणी कयुं हतुं?"

वैशाली म्हणाली, "लॅबमध्ये डिस्टिल्ड, काका. तुमच्याकडे बोअरचं. त्यातल्या क्षारांमुळे कापडानं रंग नीट धरला नाही."

"तो अमारो बोअर नापास, तुं नहीं!"

प्रमुखही हसले म्हणे. वैशाली पास. शिवाय पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाने आपला प्रयोग कारखान्यात करून पाहायचा, आणि फसला तर तसे लिहायचे, असेही ठरले.

बरे आहे, या घरात माझे कुणी ऐकत नाही.