पुलाजवळ थांबलेला हिरवा डबा

प्रिय गार्डसाहेब,

पत्र पाहून दचकू नकोस. पत्रात आधी सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून तेच लिहितो. खरं काय ते शेवटी सांगेन. गेल्या महिन्यात तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडून फोन ठेवलास. तेव्हापासून तू आईशी रोज बोलतेस आणि मी खोलीत शिरल्याची चाहूल लागली की "बरं, ठेवते" म्हणतेस. माझे गुडघे गेले असतील, कान शाबूत आहेत. माझं नेमकं चुकलं काय हे मला चार आठवडे कळत नव्हतं, आणि तुला गमावून बसलो की काय या विचाराने जेवण गोड लागत नव्हतं. आता कळलं आहे. फोनवर सांगायला गेलो तर निम्म्यात तुलाच सूचना द्यायला लागेन, म्हणून लिहायला बसलो.

झालं असं, की तुझ्या आईने शिवणयंत्रामागचं कपाट आवरायला काढलं आणि त्यातून आपला तो मालवाहतुकीचा खेळ निघाला. कोपरा फाटलेला खोका, त्यावर आईने मारलेली निळी टीप, आत पटावरचं खोरं, नदी, सहा गावं आणि डोंगरावरचं ते शेवटचं एकटं गाव. माझा लाल ट्रक, आईची पिवळी बोट, तुझा हिरवा रेल्वेचा डबा. औषधांच्या सोंगट्या पहिल्याच आठवड्यात हरवल्या होत्या, त्यांच्या जागी आईने शर्टाची पांढरी बटणं दिली होती, तीसुद्धा काडेपेटीत जशीच्या तशी. दर पाळीला एक उलटायची त्या थंडीच्या पत्त्या संपायच्या आत लाकूड, धान्य, कोळसा आणि औषधं सगळ्या गावांत पोचली तर तिघंही जिंकलो, एक गाव जरी राहिलं तरी तिघंही हरलो. तू सात वर्षांची होतीस तेव्हा विचारलं होतंस, मग भांडायचं कुणाशी? आई म्हणाली होती, थंडीशी. तू दर वेळी शेवटची पाळी मागून घ्यायचीस, म्हणून तर गाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डावरून तुझं नाव गार्ड पडलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली की पट मांडायचा आणि कुणीही सोंगटी हलवायच्या आधी बैठक घ्यायची, हा आपला नियम. बैठक हे नाव मीच दिलेलं. खरं तर ती बैठक नसायचीच. मी कामावरच्या मालगोदामातून आणलेल्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर ट्रक कुठे, बोट कुठे, डबा कुठे, सगळं लिहून काढायचो आणि तुम्ही दोघींनी माना डोलवायच्या. आठवडाभर गोदामात गाड्या सोडायच्या आणि रविवारी घरात. आई मला उंटावरचा शहाणा म्हणायची, आणि मला ते कौतुक वाटायचं! आपण बहुतेक वेळा जिंकायचो, हे मात्र कबूल कर. जिंकलो की तू टेबलाभोवती शिट्टी वाजवत धावायचीस आणि खालच्या मजल्यावरचे गुरुजी काठीने छत ठोकायचे. ती ठकठक परवा मला इतकी आठवली, की मी उगाच जमिनीकडे बघत बसलो.

खोक्याच्या तळाशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता आणि सगळ्यात वर शेवटच्या डावाची चिठ्ठी. तू बारा वर्षांची होतीस. डोंगरावरच्या गावाला फक्त औषधं पोचायची राहिली होती आणि तिथे पुलापासून फक्त रेल्वे जाते. तुझा डबा रिकामा पुलाजवळ आला होता आणि आईची बोट औषधं घेऊन एक पाळी मागे होती. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात 'डबा: पुलावरची लाकडं भर' असं आहे. त्याखाली तुझ्या बारीक अक्षरात 'मला रिकामं थांबायचंय'. आणि त्यावर माझ्या तांबड्या पेन्सिलीची रेघ.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सबंध नोकरीत मी एकही गाडी रिकामी उभी राहू दिली नाही. रिकामी गाडी दिसली की माझा हात माल भरायला जायचा, तसाच खेळातही गेला. तू नको नको म्हणत असताना मीच तुझ्या डब्यात लाकडं ठेवली. पुढच्या पाळीला बोट आली, औषधं आली, पण डब्यात जागा नव्हती. लाकडं उतरवण्यात एक पाळी गेली, वर बर्फाची पत्ती उलटली आणि लोहमार्ग बंद. मग मी काय म्हणालो तेही आठवतं. म्हणालो, तुझ्या डब्यामुळे हरलो. तू डबा खोक्यात ठेवलास, आत गेलीस, आणि पुन्हा कधी खेळायला बसली नाहीस. मला वाटलं, पोर मोठी झाली, खेळाचा कंटाळा आला.

आणि मग शाळा संपल्यावर तू एक वर्ष मागितलंस. कुठेही नाव घालणार नाही, सुताराकडे जाऊन नुसतं बघेन, हात चालवून पाहीन म्हणालीस. मोकळं वर्ष! तुला न विचारता मी आमच्या कार्यालयातल्या मालवाहतुकीच्या अभ्यासक्रमाला तुझं नाव घालून आलो आणि पेढा आणल्यासारखा अर्ज तुझ्या पुढ्यात ठेवला. तू चार दिवसांनी पिशवी भरून मावशीकडे गेलीस ती तिकडचीच झालीस. आज सुतारकामात तुझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, तुझ्या खुर्च्यांचं लोक नाव काढतात, आणि त्यात माझं श्रेय एवढंच की मी तुला घराबाहेर काढलं.

परवा दुपारी आम्ही दोघांनी तो डाव चिठ्ठीबरहुकूम पुन्हा मांडला. या वेळी मी तुझा डबा पुलाजवळ रिकामा उभा ठेवला. लाकडं उचलायला हात गेला होता, आईने मनगटावर फटका मारला. बोट आली, बटणं डब्यात चढली, डबा वर गेला आणि थंडीची एक पत्ती शिल्लक राहिली. मला पटेना, म्हणून आणखी दोनदा खेळलो. तिन्ही वेळा जिंकलो. आईला विचारलं, तुला तेव्हा कळलं होतं का? ती म्हणाली, "कळलं होतं. तुम्हाला सांगून कुणाचं भलं झालंय?" मी त्या बटणांकडे बघत रडलो, पोरी. एवढा मोठा बाप्या बटणांसाठी रडतोय म्हणून तुझी आई आधी हसली, मग तिनेही पदर डोळ्यांना लावला.

म्हणून मला त्या फोनचा उलगडा झाला. तू म्हणालीस, उन्हाची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे, आणि मी म्हणालो, रिकामी खोली कशाला अडवून ठेवतेस, एखाद्या कामगाराला दे. नंतर आईने सांगितलं, की त्या खोलीत तू एक पलंग करून ठेवला आहेस, आणि त्यासाठी माझ्या गुडघ्यापर्यंतची उंची तिच्याकडून गुपचूप मोजून घेतली होतीस. आता शेवटी सांगतो म्हटलं होतं ते. माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. या महिनाअखेर शस्त्रक्रिया करायलाच हवी, आणि ती तुझ्याच गावच्या इस्पितळात होते. मी आईला तुला सांगू दिलं नव्हतं, कारण सगळी योजना मी एकटाच आखत होतो. त्या योजनेची चिठ्ठी आज फाडली. कुठल्या गाडीने यायचं, कुणाला भेटायचं, किती दिवस राहायचं, सगळं तू ठरव; मी पाठकोरा कागद घेऊन बसलो आहे, तू सांगशील ते उतरवून घेईन. तुझा हिरवा डबा खिशात घेतला आहे. खोली तेवढी कुणाला देऊ नकोस, आम्ही निघायच्या तयारीत आहोत.

तुझाच, आणि या खेपेला तुझ्याच हुकमाचा,
बाबा