दिलेला शब्द

बाबा, गावात अजूनही दोन भावांचं भांडण झालं की कोणीतरी तुमचं नाव काढतं. म्हणतात, म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी ऐकून घेते आणि आपल्या कामाला लागते.

नवऱ्यानं दुसरी घरात आणली तेव्हा मी लेकीला घेऊन तुमच्याकडे आले. चार माणसांसमोर तुम्ही धानाच्या बांदीपलीकडचा, खाचराबाहेरचा उंच तुकडा दाखवला. "इथी घर बांध बाई. हे तुयंच. कोणी तुले उठवनार नाई." त्या बोलण्यावर मी अंगावरचं सोनं मोडलं, विटा आणल्या. दाराची चौकट तुम्ही स्वतः उभी केली, नारळ फोडला. मग शेजारून सडक गेली आणि भावाला तिथं धानाचं गोदाम हवं झालं. एका सकाळी तो अंगणात उभा राहून म्हणाला, "जागा खाली कर." तुम्ही त्याच्या मागे होतात, माझ्याकडे न बघता बोललात, "मी तुले फक्त राहाले देल्ली होती."

मी कोर्टात गेले. माझ्या वकीलबाईंनी मला समजावलं, याला कायद्यात विबंध म्हणतात. तुमच्या शब्दावर विसंबून कोणी आपलं सगळं पणाला लावलं, तर तो शब्द तुम्हाला फिरवता येत नाही. कोर्टात तुम्ही पिंजऱ्यात उभे आहात, धुतलेलं धोतर, हातात टोपी. वकीलबाई विचारतात, "घर बांधताना तुम्ही हजर होता?"

"होतो."

"मुलीला थांबवलं?"

"नाई."

"का नाही थांबवलं?"

तुम्ही भावाकडे बघता. तो खाली बघतो.

निकाल माझ्या बाजूनं लागला. बापाला आता उलट बोलता येणार नाही, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. लोकांनी माझं अभिनंदन केलं. बाहेर तुम्ही माझ्या शेजारून पुढे गेलात आणि भावाच्या गाडीवर बसलात. त्यानंतर मरेपर्यंत माझा उंबरा चढला नाहीत. नात मार्कंड्याच्या जत्रेत तुमच्या पाया पडली, तर तिलाही विचारलंत, "कोनाची पोरगी तू?"

कायद्यानं तुमचं खोटं अडवलं, बाबा. पण खरं तुमच्या तोंडून वदवणं त्याच्या हातात नव्हतं. ज्या माणसानं अख्ख्या गावाला शब्द पाळायला शिकवलं, त्याला स्वतःच्या लेकीपुरतं शब्दाला धरून ठेवायला कोर्ट लागलं. हे घर माझं आहे, पण ते तुम्ही दिलं, असं मला कधी म्हणता आलं नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. वकीलबाईंना तर नाहीच, त्या इतक्या झटल्या माझ्यासाठी. त्या दिवशी पिंजऱ्यातून तुम्ही एकदा जरी म्हटलं असतं, "हो, मीच देल्ली होती," तर मी त्याच दिवशी घर भावाच्या हवाली करून निघून गेले असते.