बेरिंगचा गाडा

रविवार, लोणी देवकर

आज संध्याकाळी नात पुण्याहून आणलेला स्केटबोर्ड अंगणात फिरवत होती. जवळच्या कळस गावचा दत्तू आला होता. लंगडा पाय पसरून बघत म्हणाला, "आपल्या बेरिंगच्या गाड्याची सर न्हाय ह्याला, शेठ." लहानपणीचा दोस्त, पण आता शेठच म्हणतो.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. चाकांना गॅरेजातली टाकाऊ बेरिंगं, बसायला बाभळीची फळी, कालव्याचा उतार. खूप हसलो. हसता हसता त्यानं विचारलं, "खरं सांगा, माझा पाय मोडला त्या दिवशी बेरिंग आधीपासनंच वाजत हुतं का?"

वाजत होतं. फुटक्या बेरिंगचा आवाज मला तेव्हाही कळायचा, त्याच कानांवर तर पुढं माझं वर्कशॉप उभं राहिलं. आदल्या दिवशी शर्यतीत त्यानं मला हरवलं होतं. मनात म्हटलं, पडू दे एकदा, आणि त्याला सांगितलं नाही. एवढंच. पाय कायमचा जाईल असं कुठं वाटलं होतं? पण वाजत होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "चांगलं हुतं."

"मग वळवताना माझंच चुकलं. इतकी वर्षं उगाच तुमच्यावर संशय धरला." त्यानं हात जोडले. "माफ करा."

केलं माफ. नात बघत होती, म्हणून खांद्यावर हातही ठेवला.