नऊ नंबरचा चार्ज

६ जानेवारी २०२५, सोमवार
आले बाई एकदाची निपाणीला! बेळगावहून, अनगोळच्या घरून निघताना आईनं दशम्या आणि शेंगाचटणी इतकी बांधून दिली की जणू मी चंद्रावर निघालेय. बसमधून उतरले तर हवेत तंबाखूचा वास, सात शिंका दिल्या. दवाखाना एका ट्रस्टचा, बोरगाव रोडला. पुरुषांच्या वॉर्डात बारा खाटा, फरशी लख्ख, पाट्या कन्नडमध्ये, गप्पा मराठीत. मागच्या क्वार्टर्समध्ये मला खोली दिलीय. माझ्या पीएच.डी.चा विषय असा: आम्ही कॉलेजात नर्सचं काम म्हणून जे शिकवतो आणि ती वॉर्डात प्रत्यक्ष जे करते, त्यात किती फरक आहे. दर दहा मिनिटांनी कोण काय करतंय ते लिहायचं. नियम एकच, कशाला हात लावायचा नाही. हात शिवशिवतात, पण पंधरा वर्षं शिकवतेय, एवढा दम धरायला जमलंच पाहिजे.

८ जानेवारी
दुपारी दोनला पाळी बदलते. जाणारी सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून पेशंटचं सगळं सांगते, येणारी म्हणते, ‘घेतला.’ चार्ज घेतला, म्हणजे आता जबाबदारी तिची. तो शब्द कानावर पडेपर्यंत जाणारी जागची हलत नाही. मी यावर वर्गात दोन तास बोलते, इथं एका शब्दात काम होतं. फार आवडलं मला. रुक्माबाई म्हणून इथं तीस वर्षं काम करणाऱ्या जुन्या आया आहेत, त्या मला ‘लिवणाऱ्या मॅडम’ म्हणतात. नऊ नंबरची खाट मात्र रिकामीच असते. सगळ्या आठवरून थेट दहावर जातात. खाट मोडकी आहे म्हणाल्या. मी हलवून बघितली, चांगली भक्कम आहे.

१० जानेवारी
आज नियम मोडला. दोन वाजता सगळ्या चार नंबरपाशी होत्या, मी नऊजवळच्या स्टुलावर. एक सिस्टर आली. बाकीच्या निळ्या ड्रेसात असतात, ही पांढऱ्या. छातीवर नाव, सौम्या. डोळे जागरणानं सुजलेले. रिकाम्या खाटेकडे बघत तिनं सगळं व्यवस्थित सांगितलं: नाडी बहात्तर, श्वास ठीक, एकटं सोडू नका. मग माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली. इतक्या दमलेल्या पोरीला कुणी ताटकळत ठेवतं का? म्हटलं, घेतला, सिस्टर. तिनं मोठा सुस्कारा सोडला आणि गेली. एका शब्दानं काय बिघडणार आहे?

११ जानेवारी
चहाच्या वेळी सौम्याबद्दल विचारलं. सगळ्यांचे कप हातातच राहिले. रुक्माबाईंनी मला मागं धुण्याच्या दगडापाशी नेऊन सांगितलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बदलीची सिस्टर आलीच नाही. सौम्या तीन दिवस नऊ नंबरजवळ बसून. पेशंट गेला, आणि स्टुलावर बसल्या बसल्या तीही गेली. चार्ज कुणी घेतलाच नाही.
“चार वरसं हुबी हाय ती, मॅडम. कुणीबी घेतला म्हणत न्हवतं. तुमी कशापायी म्हणलासा?”
आता दुसऱ्या कुणी घेतल्याबिगर माझी सुटका न्हाय, असंही म्हणाल्या. मी हसले. चांगलं मोठ्यानं हसले.

१३ जानेवारी
उद्या संक्रांत म्हणून बेळगावच्या बसमध्ये बसले. संकेश्वर आलं तसा दम लागायला लागला. नाडी मोजली, अठ्ठेचाळीस. हत्तरगीला छत्तीस. मोजण्यात चूक होणार नाही, हेच तर शिकवते मी. उतरले, मिळेल त्या बसनं मागं आले. वॉर्डाच्या दारात साठ. नऊ नंबरजवळ बहात्तर.
मग रिकाम्या गादीवर बोटं टेकवली. तिथंही बहात्तर.

१४ जानेवारी
डॉक्टरांनी ईसीजी काढला. काही नाही म्हणाले. आईला फोनवर काम आहे म्हटलं. तिळगूळ डब्यात ठेवते म्हणाली. रडले. लई भीती वाटतेय.

१५ जानेवारी
इथली एकही सिस्टर माझ्याजवळ येत नाही. बोलले की कानावर हात. रात्री स्टुलावरच झोपते. आज एक नवीन पोरगी रुजू झाली, तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही — मी तिच्याकडे बघत राहिले. हिशेब करत होते मी. शी! काय झालंय माझं —

१७ जानेवारी
रचनाचा फोन. माझी विद्यार्थिनी, याच संशोधनात मदतीला आहे. मॅडम, तुमचा आवाज असा का — येते म्हणाली. नको म्हटलं, रागावले, फोन ठेवला. ती येणारच. चार वर्षं मीच तिला शिकवलंय, दमलेल्या सिस्टरला एकटीला टाकून जायचं नाही —

१८ जानेवारी
दोन वाजायला आलेत. रचना दारात. मी बोलणार नाही. तोंड उघडलं तर काय निघेल याचा भरवसा नाही — लिहीत राहायचं.
जवळ आली. विचारतेय, खाली बसलीय, माझा हात हातात — पोरगी रडतेय.
वही फिरवून दाखवली. ‘घेऊ नको. जा.’ वाचलं तिनं. आधीची पानंही वाचली. सगळी. जात नाही —
खाटेकडे बघून म्हणाली, “मॅडम, तुम्ही जरा पडा. मी घेतला.”
श्वास मोकळा झाला. देवा, किती बरं वाटतंय. तिला ओढून बाहेर न्यायला हवं, तिची नाडी — आणि माझे पाय, माझे पाय दाराकडे —