आबांच्या ओवीची झील

रविवार, सांगली

आज जतला जाऊन आबांची, माझ्या वडिलांची, धनगरी ओवी मोबाईलवर उतरवून घ्यायची होती. त्यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. मागच्यांनी झील धरल्याशिवाय, तीच ओळ मागून सुरात उचलल्याशिवाय, पुढची ओळ येत नाही. त्यांचे जोडीदार सगळे गेले. मागे मी एकटीच. लहानपणी मेंढरांमागे मीच झील धरायची. वसतिगृहात मुली हसल्या, तेव्हापासून सोडली.

"धर की गं!"

मला आवाजच फुटेना.

"यम्मे झालीस, आन् एवढं येईना व्हय?" आबा घोंगडं झटकून उठले.

पाठांतरासाठी वर्गाला आयुष्यभर दटावणारी मी!

घरी तीनदा ऐकलं. एक ओळ, मग त्यांचं थांबणं. इतका वेळ थांबले होते? चौथ्यांदा मी झील धरली, स्वयंपाकघरात, मोठ्यानं.

पुढची ओळ मोबाईलमध्ये नव्हतीच.