वजिराच्या साडेचार ओळी

३ फेब्रुवारी

साडेचार ओळी! माणूस एकोणऐंशी वर्षं जगला, बुद्धिबळात देशात दुसरा आला, महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश फोडत बसला, आणि विश्वकोशात त्याच्या वाट्याला साडेचार ओळी. आमचा हा इंटरनेटवरचा विश्वकोश. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. म्हणून नटनट्यांच्या लग्नांवर पानंच्या पानं आणि याच्यावर एवढंसं. घेतला लेख हातात. मनातल्या मनात त्याचं नाव वजीर ठेवलं.

लेखाच्या चर्चापानावर त्याच्या मुलीचा निरोप पडलाय, तीन आठवडे झाले. कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. "शेवटचं वाक्य खोटं आहे. माझी आई शहाण्णव वर्षांची आहे. ती आहे तोवर हे काढा, हात जोडते."

वाक्य असं — "युद्धाच्या शेवटच्या वर्षी, टपालाने खेळलेल्या बुद्धिबळाच्या डावांतून गुप्त माहिती बाहेर गेल्यामुळे त्यांना कामावरून दूर करण्यात आले." त्याखाली दोन संदर्भ. एक वर्तमानपत्र, एक पुस्तक.

मी उत्तर टाकलं. दोन छापील संदर्भ आहेत, तुमच्याकडे याविरुद्ध काही छापील असेल तर कळवा, घरच्यांच्या आठवणी आम्ही धरत नाही. बरोबरच आहे! नाहीतर उद्या प्रत्येकाचा बाप संत ठरेल.

५ फेब्रुवारी

दादाला विचारलं, टपालाने बुद्धिबळ म्हणजे काय रे? त्याची सगळी नोकरी टपालाच्या वर्गीकरणात गेली, त्यामुळे गडी खुलला. "एका कार्डावर एक चाल. समोरचा त्याची चाल पाठवणार. एकेक डाव दोन-दोन वर्षं!" युद्धात अशी कार्डं अडवून ठेवायचे म्हणे. नुसती अक्षरं आणि आकडे — तपासनिसाला वाटायचं, ही सांकेतिक भाषा. "आणि खरंच कुणी त्यात काही घातलं, तर कळणार कुणाला?"

मग टोमणा मारल्याशिवाय राहील तर तो दादा कसला! "चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना चिठ्ठ्या डकवल्यास, आता मेलेल्या माणसांना डकव." चहा मुद्दाम उशिरा दिला.

९ फेब्रुवारी

लेकीचं पत्र आलंय मेलवर. (लेक म्हणजे वजिराची. सत्तरी ओलांडलेली बाई आहे.) छापील काही नाही म्हणते. वडील युद्धानंतर शाळेत गणित शिकवायचे, घरात पट कधी मांडला नाही, कुणी खेळायला बोलावलं तर "विसरलो" म्हणायचे.

पुढचं असं. बुद्धिबळ मंडळाच्या चिटणिसांनी आमचा लेख वाचला आणि हॉलमधला वजिराचा फोटो उतरवला. पिशवीत घालून घरी आणून दिला. आईने विचारलं, का दिला? लेकीने लेख वाचून दाखवला. "त्या दिवसापासून आई बोललेली नाही. जेवते, औषध घेते, खिडकीत बसते. शब्द नाही. ती अशीच गेली तर मी काय करू हो?"

नियम नियमाच्या जागी. पण शहाण्णव वर्षांची बाई अबोला धरून बसलीय, आणि तो आमच्या एका वाक्यामुळे. निदान ते दोन संदर्भ तरी नीट तपासते.

१२ फेब्रुवारी

साडेचारच्या एकवीस ओळी झाल्या. स्पर्धांचे निकाल, जन्मगाव, शाळा, सगळं संदर्भासकट. फक्त पुस्तक हाती यायचंय.

१६ फेब्रुवारी

पुस्तक आलं. वजिरावर अर्धं पान. तळटीप बघितली — तेच वर्तमानपत्र! म्हणजे दोन संदर्भ नव्हेतच, एकच. वर्तमानपत्राचा तो लेख काढला. नऊ वर्षांपूर्वीचा. वाक्य शब्दन् शब्द आमचंच. "दूर करण्यात आले"सुद्धा.

मग विश्वकोशातल्या लेखाचा जुना इतिहास उघडला. तिथे कोणतं वाक्य कुणी, कधी घातलं, सगळं दिसतं. हे वाक्य वर्तमानपत्राच्या तीन महिने आधीचं. म्हणजे त्यांनी आमचं उचललं, पुस्तकाने त्यांचं उचललं, आणि मग कुणीतरी ते दोन्ही आणून आमच्याच वाक्याखाली पुरावा म्हणून लावले.

घालणाराचं नाव पाहिलं. माझं होतं.

१७ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

१८ फेब्रुवारी

आठवलं सगळं. निवृत्तीनंतरचा पहिला महिना. दिवसाला पाच-पाच लेख सुधारायचे मी, अंगात नुसतं वारं शिरलेलं. माझ्यापुढे दोन पुस्तिका होत्या. लष्करी खात्याच्या अहवालात होतं, की वजीर जिथे संदेश फोडायचा त्या कचेरीत त्या वर्षी टपाली बुद्धिबळाला बंदी झाली, माहिती बाहेर जाते असा संशय होता. मंडळाच्या स्मरणिकेत होतं, की वजिराने त्याच वर्षी ती कचेरी सोडली. दोन्ही खरं. मधला "त्यामुळे" माझा! आणि "सोडली"चं "काढलं"ही मीच केलं. वाक्य कसं झोकात झालं होतं!

ग्रंथालयात असताना पुस्तकांच्या सूचीतलं एक कार्ड चुकीच्या खणात गेलं म्हणून हाताखालच्या पोरींना रडवलंय मी. आणि स्वतः जिवंत बाईच्या नवऱ्याला फितूर ठरवून मोकळी झाले. वर तिच्या लेकीला पुरावा मागते! लाज वाटते. खरंच लाज वाटते.

दादाला सांगितलं. वाटलं, आता हसेल. हसला नाही. "गुपचूप काढून टाक की. कुणाला कळतंय?" कुणाला म्हणजे? मला कळलंय ना! पण खरं सांगायचं तर सकाळपासून दोनदा तेच मनात आलं होतं.

२० फेब्रुवारी

केलं. वाक्य काढलं. चर्चापानावर माझ्या नावानिशी सगळं लिहिलं. वर्तमानपत्राला पत्र, पुस्तकाच्या लेखकाला पत्र, मंडळाला पत्र. लेकीला सगळ्यात शेवटी. चार वेळा खोडलं. अखेरीस एवढंच ठेवलं — ते वाक्य मी लिहिलं होतं, त्याला आधार नव्हता, तुमची आणि आईंची मी अपराधी आहे.

२१ फेब्रुवारी

घ्या! रात्रीतून कुणीतरी वाक्य परत घातलं. शेरा — "दोन छापील संदर्भ आहेत. सदस्यांच्या आठवणी आपण धरत नाही." अगदी माझाच सूर, नाकाने कांदे सोलणारा. दादा मात्र आज पोट धरून हसला. मलाही हसू आलं, आणि मग रडू.

२३ फेब्रुवारी

लेकीचं उत्तर नाही. का द्यावं तिने?

वर्तमानपत्राच्या कचेरीत स्वतः गेले. दुसरा जिना, दिवा गेलेला, भिंतीला हात लावत चढले. पुरवणीचा संपादक तिशीतला. "मावशी, नऊ वर्षांपूर्वीचं कोण वाचतंय आता?" म्हटलं, एक बाई वाचून गप्प झाली आहे, तिच्याशी तू बोलतोस का जाऊन? खुर्ची दिली मग. दोन्ही पुस्तिका पुढे ठेवल्या, तारखा दाखवल्या. बराच वेळ वाचत बसला. विश्वकोशातून उचललेला मजकूर आम्ही तपासला नाही, असं लिहून द्यायला त्याच्या जिवावर आलं होतं. शेवटी दिलं.

२७ फेब्रुवारी

छापून आलं! आतल्या पानावर, तीन ओळी, भिंग लावून शोधायच्या. पण छापील! चर्चापानावर दाखवलं, लेकीलाही कात्रण पाठवलं. परत घालणाराने मुकाट्याने वाक्य काढलं, वर "क्षमस्व" लिहिलं. मंडळानेही फोटो परत न्यायचं कळवलं.

आणि संध्याकाळी लेकीचं पत्र. "तुमच्यावर फार राग होता. अजून आहे थोडा. पण चूक कबूल करून उन्हातान्हात फिरणारं माणूस आजकाल कुठे भेटतं! उद्या सकाळी आईला ते कात्रण वाचून दाखवणार आहे."

दादाने आपणहून चहा केला. साखर दुप्पट होती, प्यायले.

२८ फेब्रुवारी

दुपारी लेकीचा फोन. आई बोलली. कात्रण दोनदा वाचायला लावलं तिने, मग म्हणाली, "काढलं कशाला? त्या लेखात तेवढंच तर खरं होतं. ती कार्डं पेटीत मीच टाकायचे. त्यांत काय असायचं, ते मला ठाऊक होतं."